रिकाम्या टेबलाचे कौतुक

आमच्या रात्रीच्या बिलिंगमध्ये काही बिघडलेच, तर त्याची रीतसर नोंद व्हावी म्हणून डेटाबेसमध्ये एक स्वतंत्र एरर लॉग, म्हणजे चुका टिपणारे टेबल, आहे, आणि तो कायम रिकामा असल्यामुळे वरिष्ठांचा आमच्या प्रणालीवर अढळ विश्वास आहे. बिले मात्र अधूनमधून निघतच नाहीत. ग्राहकांचे फोन लॉगला येत नाहीत, मला येतात.

शेवटी बिलिंगची स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) उघडली. आमचा डेटाबेस असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरने २००५ च्या आवृत्तीत ट्राय-कॅचची, म्हणजे ‘ट्राय’मधल्या कामात आलेली एरर ‘कॅच’मध्ये पकडण्याची, सोय दिली आणि आमच्या पूर्वसूरींनी तिचा लाभही घेतला होता: एरर पकडायची, लॉगमध्ये लिहायची आणि मग ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा संच) रोलबॅक करायचे. क्रम वाचायला सरळ वाटतो. परंतु रोलबॅक प्रामाणिकपणे सुरुवातीपासूनचे सगळे पुसतो, आणि त्यात नुकतीच लिहिलेली तक्रारही जाते. चोराने जाताना पंचनामाही सोबत न्यावा, तसा हा प्रकार. त्यातून ‘XACT_ABORT’ ही एरर येताच अख्खे ट्रान्झॅक्शन बाद ठरवणारी सेटिंग चालू असेल, तर बिघडलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये काही लिहिताच येत नाही. एरर नोंदवायला गेले की नोंदवणे हाच अपराध ठरतो, ३९३० क्रमांकाची नवी एरर हाती पडते आणि मूळ दुखणे बाजूलाच राहते.

उपाय सोपा निघाला: आधी रोलबॅक, मग नोंद. कॅचच्या आत असेपर्यंत एररचा क्रमांक, ओळ आणि संदेश रोलबॅकनंतरही हाताशी राहतात. कोणत्या ग्राहकापाशी गाडी अडली, हे टेबल व्हेरिएबलमध्ये (प्रोसिजरपुरत्या तात्पुरत्या टेबलात) ठेवले तर तेही टिकते, कारण ते रोलबॅकला जुमानत नाही. (ओरॅकल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना यासाठी मूळ ट्रान्झॅक्शनपासून वेगळे असे ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन मिळते, हे ते चहाच्या वेळी हटकून ऐकवतात, ‘व्हेन अदर्स देन नल’ लिहून चुका निमूट गिळणारे महाभागही त्यांच्यातच असतात, हे मी ऐकवतो.)

दुरुस्तीनंतरची पहिली नोंद होती ८१५२: मजकूर रकान्यात मावत नाही. कोणत्या रकान्यात, हे सांगण्याचे सौजन्य २०१९ च्या आवृत्तीला सुचले. आमचा सर्व्हर २०१२ चा असल्यामुळे तो टेबल किंवा रकाना काहीच न सांगता, ‘मावत नाही’ एवढेच म्हणून मोकळा होतो.

तरीही लॉग आता रोज भरतो, आणि त्याचा आलेख मासिक बैठकीत पडद्यावर झळकला. मागच्या महिन्यापर्यंत शून्य असलेली रेघ एकदम उभी चढलेली पाहून वरिष्ठ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही हात लावेपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं होतं हो!’’ जुनी प्रोसिजर तातडीने परत बसवावी, अशी लेखी सूचना मला संध्याकाळपर्यंत मिळाली.