लेफ्ट बॅक काका, तुमचं निम्मं मान्य

काका, तुम्ही नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'एक जुना लेफ्ट बॅक', म्हणजे डाव्या कडेचा बचाव सांभाळणारा, म्हणून सही केलीय. 'पावसात भिजलेला कातडी बॉल डोक्यानं मारायला छाती लागत होती' या तुमच्या एका ओळीवरून वयाचा अंदाज आला, म्हणून काका म्हणतो. चालेल ना?

यंदा, म्हणजे २०२३ ला, मानोलो मार्केझ इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा कोच होणार ही बातमी आली त्या रात्री मी जे उत्साहानं लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचंच म्हणणं इथं ठेवतो. एक, 'तुम्हाला दरवर्षी नवा देव पायजे. गेल्या वर्षी पेन्या, औंदा मानोलो.' दोन, 'कोच काय करतो? गोल पोरंच मारतात. आमच्या वेळी शाळेचे पीटीचे सर हेच कोच, हरलो तरी तेच, जिंकलो तरी तेच.' तीन, 'बेळगावात राहून गोव्याचा झेंडा कशाला? कर्नाटकाची टीम आहे की. आणि आपल्या पोरांची मॅच शेवटची कधी बघितलास?'

पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. कार्लोस पेन्या आला तेव्हा 'याच क्लबात खेळलेला माणूस, याला आतलं सगळं ठाऊक' असं मीच लिहिलं होतं. तुम्ही ते शोधून काढून खाली चिकटवलंत, बरं केलंत. आणि फेब्रुवारीत बेंगळुरूनं त्यांच्या कंठीरवा मैदानावर ३-१ नं हरवल्यावर 'आता हा बास' म्हणणाऱ्यांतही मी होतो. सहा टीम प्लेऑफला, आम्ही सातवे. एक पायरी. नुकताच खेळणं सोडून कोच झालेल्या माणसाला मी एका हंगामात निकालात काढलं. चुकलंच.

पण 'कोच काय करतो' हे तुम्ही, आणि तेही लेफ्ट बॅक म्हणवून घेऊन, विचारावं? मंदार राव देसाई आठवा. गोव्याचाच पोरगा, पहिल्या हंगामापासून टीममध्ये. विंगर म्हणून, म्हणजे पुढं कडेनं, पळायचा छान, पण परदेशी विंगर आले की याला बाकावर बसायची वेळ. तेव्हाचा कोच सर्जिओ लोबेरानं त्याला मागं घेतलं आणि लेफ्ट बॅक केलं. सुरुवातीला मी घरात टीव्हीवर ओरडायचो की अरे, हा डिफेन्सचा माणूस आहे काय! पण लोबेराची टीम बॉल सोडतच नव्हती, त्यामुळं त्यांचा लेफ्ट बॅक निम्मी मॅच समोरच्यांच्या अर्ध्यात असायचा. तिथं मंदारचं पळणं कामाला आलं. २०१९ मध्ये तो भारताकडून खेळला, लेफ्ट बॅक म्हणूनच. पाय त्याचेच होते काका, जागा दुसऱ्यानं दाखवली. तुमच्या पीटीच्या सरांनीही तुम्हाला कधीतरी पुढून मागं ढकललं असणार. खरं सांगा.

आणि त्या लोबेराचं पुढं काय झालं? ३१ जानेवारी २०२०. टीम गुणतक्त्यात वर, लीगच्या तीनच मॅच शिल्लक, आणि क्लबनं त्याला काढलं. त्याच्या जागी क्लिफर्ड मिरांडानं उरलेल्या मॅच सांभाळल्या, लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची शील्ड आली, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून नाव झालं. पण सेमीफायनलला चेन्नईत ४-१ नं मार खाल्ला.

७ मार्चच्या परतीच्या मॅचला आम्ही चौघं गाडी घेऊन फातोर्ड्याला, गोव्याच्या घरच्या मैदानावर, गेलो होतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. गोव्याची नारिंगी जर्सी घालून सकाळी घराबाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, 'आज कसला मोर्चा?' आमच्या गावात नारिंगीचे अर्थ वेगळे लागतात, त्याला काय करणार! एकविसाव्या मिनिटाला २-०. अजून एक गोल आणि दोन्ही मॅच मिळून बरोबरी. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला. ओळख ना पाळख. कोकणीत काहीतरी पुटपुटत होत्या, त्यातलं मला फक्त 'सायबा' कळलं. हाफटाइमनंतर चेन्नईनं दोन मारले आणि तो हात आपोआप सुटला. शेवटी आम्ही ४-२ नं जिंकलो. जिंकून बाहेर. परतताना घाटात दाट धुकं, गाडीत कुणी बोलेना. कणकुंबीच्या अलीकडं मागच्या सीटवरून एकच वाक्य आलं, 'तो असता तर?'

त्या वाक्यात माझी सगळी तक्रार आहे. लोबेरा पुढच्याच हंगामात मुंबईच्या टीमकडं गेला. त्याच्यामागं आमचे फॉल, जाहू, बूमू गेले, मंदारही गेला. मुंबईनं शील्डही नेली आणि ट्रॉफीही, वर सेमीफायनलला पेनल्टीवर आम्हालाच बाहेर काढून. लोबेराच्या जागी आमच्याकडं आला होता हुआन फेरांदो. त्यानं २०२१ ला ड्युरँड कप दिला आणि डिसेंबरात, हंगाम चालू असताना, स्वतःच उठून मोहन बागानकडं गेला. त्या हंगामात आम्ही नववे. म्हणजे एकाला क्लबनं काढलं, एकानं क्लबला सोडलं, आणि 'धीर धरा' हे ऐकायचं आम्ही. तुमचे सर हरल्यावरही तेच असायचे म्हणता ना, मला नेमका त्याचाच हेवा वाटतो. आम्हाला दरवर्षी नवा देव नकोय हो. जुना टिकत नाही म्हणून नव्याला नारळ फोडतोय.

मानोलोबद्दल आशा वाटते ती यासाठीच. हैदराबादला पहिल्या वर्षी तो पाचवा आला होता. गाशा गुंडाळायला एवढं पुरतं. त्यांनी ठेवला. दुसऱ्या वर्षी विजेतेपद, तेही आमच्याच फातोर्ड्यावर, केरळाला पेनल्टीवर हरवून. तिसऱ्या वर्षी लीगमध्ये दुसरा. तीन वर्षं एका जागी. आता गोव्यात पहिल्या वर्षी पाचवा आला तर मी गप्प बसेन, हे इथं लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी हेही चिकटवा.

राहिलं कर्नाटकाचं. कोल्हापूरकरांचं बरं आहे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची टीम की खंडोबा तालमीची हे पेठेवरून, जन्मालाच ठरतं. आम्हाला निवडावं लागतं. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, रात्रभर गाडीत बसायचं. फातोर्डा तीन तासांवर, मॅच बघून पहाटेआधी घरी. माझं राजकारण एवढंच आहे, बाकी अर्थ तुमचे. आणि बेंगळुरूशी माझं वैर असेल तर ते १७ मार्च २०१९ चं. मुंबईत फायनल, जादा वेळ, आमचा जाहू रेड कार्ड खाऊन बाहेर, ११७ वं मिनिट, कॉर्नर, आणि राहुल भेकेचं हेडर. शहापुरात मित्राकडं बघत होतो. तो बेंगळुरूवाला. उडी मारून ओरडला, 'मराठी पोरानं मारला रे!' आता यावर मी काय बोलणार होतो? सीमेवर राहणाऱ्या माणसाची याहून मोठी कोंडी होत नसेल. चहा तसाच ठेवून घरी आलो.

तिसऱ्यातला शेवटचा प्रश्न मात्र लागला. आपल्या पोरांची मॅच मी शेवटची बघितली त्याला दोन वर्षं झाली, आणि तीसुद्धा हाफटाइमला सोडली, कारण साडेसातला टीव्हीवर गोवा होतं. पाऊस अजून धरला नाहीय. लेले मैदानाचा चिखल व्हायच्या आत रविवारी सकाळी येतो. तुम्ही कोणत्या बाजूला उभे असता ते कळवा, डाव्याच असणार म्हणा. जर्सी नारिंगीच असेल, मोर्चा समजू नका.