राजगड ते रायगड चालत: जोडीदार मिळवण्याचे खात्रीशीर उपाय

राजगड, तोरणा आणि रायगड (ट्रेकर्सच्या भाषेत आर-टी-आर) एका दमात, पाठीवर सॅक टाकून, चालत करायचे असं तुम्ही ठरवलं आहे. अभिनंदन. आता फक्त दोन गोष्टींची जुळणी करायची राहिली: वाट आणि जोडीदार. पैकी वाटेची काळजी नको. ती साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ आहे तिथेच आहे आणि ‘जमलं तर येतो’ असं कधी म्हणत नाही.

म्हणून जोडीदारापासून सुरुवात करू. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. नावात ‘पक्का’ हा शब्द हवाच. शाळासोबती, ऑफिसातले, मेव्हणा आणि पूर्वी कधीतरी सिंहगडावर तुमच्या शेजारी बसून पिठलं-भाकरी खाल्लेला तो एक जण, सगळ्यांना घ्या. तारीख अर्थातच सर्वानुमते ठरवायची. डिसेंबर-जानेवारीत हवा गार असते, टाक्यांत पाणी असतं, म्हणजे नेमकी लग्नं असतात. फेब्रुवारीत कुणाची तरी कंपनी टार्गेटच्या मागे लागलेली असते. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. मे महिन्यात मात्र सगळे मोकळे! तेव्हा मे. सह्याद्रीच्या उघड्या धारेवर मे महिन्यात सावली शोधत फिरण्यात जी मजा आहे, ती एकदा घ्यायलाच हवी.

तारीख ठरली की गळती सुरू होईल. ‘९९ टक्के येतोय’ म्हणणारे सर्वांत आधी जातील. ‘घरी विचारून सांगतो’वाले घरी विचारायला गेले की परत येणार नाहीत. शेवटी एक जण उरेल. हाच तुमचा जोडीदार. त्याला तुम्ही निवडलेलं नाही, तो उरलेला आहे, हे मनात आलं तरी बोलून दाखवू नका.

आता त्याची पारख. काही अनुभवी मंडळी सांगतील की लांब पल्ल्याला निघण्याआधी एखाद्या शनिवारी रात्री दोघांनी कात्रज ते सिंहगड चालून बघा. लागोपाठ चढउतार, एक टेकडी संपली की पुढची उभी. सातव्या-आठव्या टेकडीवर माणूस कळतो म्हणे. तो स्वतःचं पाणी पुरवून पितो की तुमच्या बाटलीकडे बघतो, पुढे गेला तर थांबतो की नुसता बॅटरीचा ठिपका होऊन नाहीसा होतो, वाट चुकली की गप्प होतो की तुमच्यावर ओरडतो, हे सगळं एका रात्रीत उघडं पडतं. अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच हा प्रयोग करू नका. उरलेला एकमेव जोडीदार असा वाया घालवून कसं चालेल?

त्यापेक्षा त्याचं सामान बघा. बुटांना अजून दुकानाचा वास येत असेल, तर उत्तम. नवे बूट पहिल्यांदा घालायला राजगडाच्या चोरदरवाज्याची चढण ही आदर्श जागा आहे. हाफ मॅरेथॉनचा टी-शर्ट असेल तर पुढे काही विचारूच नका. सपाट डांबरी रस्त्यावर धावणारा माणूस पंधरा किलोची सॅक घेऊन घसाऱ्यावरून सहज उतरतो, असं धरून चालायचं. गुडघा दुखतो का, घोरतो का, जमिनीवर शेवटचा कधी झोपला होता, असले प्रश्न लग्न जमवतानासुद्धा कुणी विचारत नाही. तुम्ही कशाला विचारता?

सामानाची वाटणी समसमान हवी, त्यात तडजोड नको. तंबूचं कापड तुमच्याकडे, काठ्या त्याच्याकडे. स्टोव्ह त्याच्याकडे, गॅसचा डबा तुमच्याकडे. मॅगी तुमच्याकडे, पातेलं त्याच्याकडे. अशाने मैत्री घट्ट होते, कारण एकमेकांशिवाय कुणालाच चहासुद्धा करता येत नाही. गाडी तुमची असेल तर किल्ली त्याच्याकडे द्या, तेवढंच तुमचं ओझं कमी. पाणी मात्र कमी न्या. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन, आणि तेवढ्या वजनात एक ब्लूटूथ स्पीकर, एक पॉवर बँक आणि ड्रोन बसतो. तुम्ही येताय हे खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

मुक्कामाचं काय? गडावर रात्री राहू देतात की नाही, हे पायथ्याच्या गुंजवण्यात पाच मिनिटांत कळतं. म्हणून तिथे थांबू नका. संध्याकाळी साडेसहाला वर पोचून विचारलं, की उत्तर जास्त ठामपणे मिळतं.

दुसरा दिवस संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरून तोरण्याकडे. नकाशावर राजगड आणि तोरणा शेजारी-शेजारी दिसतात. मधल्या डोंगरधारेवर आपण एकच टेकडी पुन्हा पुन्हा चढतोय असं वाटू लागतं, आणि तोरण्याची बुधला माची आहे तेवढीच लांब राहते. इथेच तुमचा जोडीदार पहिल्यांदा गंभीर चर्चेला तोंड फोडेल. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात राजगड आहे, रायगड आहे, तोरणा नाही. मग तोरणा चढायचाच कशाला? युक्तिवाद बिनतोड आहे. शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेला हा गड, आकारावरून त्याला प्रचंडगड म्हटलं गेलं, वगैरे तुम्ही सांगू लागाल. ‘प्रचंड’ एवढाच शब्द त्याच्या डोक्यात राहील.

तोरण्यावर पोचलात की दुसऱ्या बाजूला खाली वेल्हं दिसतं. वेल्ह्यात एसटी येते. ही एसटी जोडीदाराला दाखवू नका असं मी म्हणणार होतो, पण त्याला ती तुमच्या आधीच दिसलेली असेल. गुडघा, आईची तब्येत, सोमवारची मीटिंग, यांपैकी काहीतरी एक त्याला गडावरच्या मेंगाईच्या देवळापाशी आठवेल. ‘तू हो पुढे, मी तुला अडवणार नाही,’ असं मोठ्या मनाने सांगून तो तंबूच्या काठ्या, स्टोव्ह आणि पातेल्यासह वेल्ह्याकडे उतरेल. अशा वेळी दोघांनी मिळून उतरावं हे शहाणपण. एकट्याने त्या मुलखात शिरू नये. पण स्टेटसला ‘रायगड’ लिहून झालेलं असल्याने तुमचा इलाज नसतो.

पुढे भट्टी गाव, मग मोहरी गाव. मोहरीतून वाटाड्या घ्यावा असं जाणकार सांगतात, आणि आदल्या दिवशी कळवलं तर जेवायलाही मिळतं म्हणतात. पण तुमच्याकडे वाटेचा डाउनलोड केलेला जीपीएस ट्रॅक आहे ना! तो कुणी, कोणत्या महिन्यात, कुठे चुकत काढला ते माहीत नाही, हा भाग वेगळा. समोर रायलिंगचं पठार, त्यापुढे लिंगाण्याचा सुळका. खाली कोकणात उतरायला दोन नाळा, म्हणजे डोंगरातल्या घळीतून उतरणाऱ्या वाटा. एक सिंगापूरची (हे इथलंच गाव) नाळ आहे, त्यातल्या त्यात सोपी. आणि एक बोराट्याची नाळ, अरुंद, उभी, मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली. पाय ठेवावा तो दगड हलतो, सॅक मागे कातळाला घासते, आणि वरून कुणी उतरत असेल तर त्याचा एखादा दगड तुमच्या आधी खाली पोचतो. मोबाईलवर दोन्ही नाळा बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर दिसतात. बोट जाड असेल तर निवड आपोआप होते. मोहरीतला एखादा म्हातारा ‘पोरा, तिकडून नको’ म्हणाला, तर त्याच्या फोनमध्ये ट्रॅक आहे का, एवढं विचारून घ्या.

रायगडाच्या पायऱ्या चढून तुम्ही वर पोचाल तेव्हा रोप-वेने चार मिनिटांत आलेलं एखादं कुटुंब इस्त्रीच्या कपड्यांत तुमच्याकडे बघत असेल. ‘दादा, खूप चालावं लागतं का हो इथे?’ असं त्यातलं कुणीतरी विचारेल. नम्रपणे नाही म्हणा.

मग पायथ्याच्या पाचाडला उतरा. गाडी गुंजवण्याला आहे, म्हणजे अख्ख्या सह्याद्रीच्या पलीकडे. महाडला जाऊन पुण्याची एसटी, आणि पुण्याहून पुन्हा गुंजवणं. किल्ली कुणाकडे आहे ते तुम्हाला आठवतच असेल. फोनला रेंज आली की ग्रुप उघडा. जोडीदाराने राजगडाचे चाळीस फोटो टाकून खाली ‘आर-टी-आर फत्ते’ लिहिलेलं असेल, त्यावर सगळ्या न आलेल्यांचे भगवे झेंडे असतील, आणि तुम्हाला वेगळा मेसेज असेल: तंबूचं कापड माझं आहे, परत देताना धुऊन दे.