‘आमच्याच सर्व्हरला कुलूप’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. "आमच्याच सर्व्हरला कुलूप लावलं, तान्ह्या पोळ्याला फोन केला तर तीन तास कोणी फिरकलं नाही, वरून 800 रुपये घेतले," असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या दुकानातल्या नवीन मुलाचं नाव अलाउ-युजर्सच्या ओळीत, म्हणजे सर्व्हरमध्ये कोणाला येऊ द्यायचं त्या यादीत, टाकायचं आमच्याकडून दोन दिवस राहून गेलं. तिथे नाव नसलं की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. ही चूक आमचीच.

पण "कोणी फिरकलं नाही" हे फार लागलं. तुमचा फोन 12:05 ला आला. नाव टाकायचं काम ऑफिसात बसून दोन मिनिटांचं. लॉगिन केलं, तर माझंच सुडो, म्हणजे सर्व्हरवर बदल करायचे अधिकार देणारी सोय, चालेना. 11:48 ला तुमच्याकडून कोणीतरी सुडोअर्सची फाइल (सुडो कोणाला वापरता येईल ते हिच्यात लिहिलेलं असतं) नॅनो या साध्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली होती. लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतली, ती ओळ मी तुम्हाला वेळेसकट दाखवली. सुडो ग्रुपच्या ओळीतला एक कंस उडाला होता आणि त्या ग्रुपमधल्या सगळ्यांचे अधिकार गेले, माझेही. तीच फाइल विसुडोने, म्हणजे चुका तपासूनच सेव्ह करणाऱ्या साधनाने, उघडली असती तर चूक तिथेच अडली असती. आणि मुलाच्या लॉगिनचा त्या फाइलशी संबंधच नव्हता, भाऊ.

आता दुरुस्तीला रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड लागणार होता आणि तो तुमच्या दुकानात होता. धरमपेठेतून तसाच निघालो. इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, गाडी गांधीबागेत लावली आणि पायी 1:20 ला दुकानात पोहोचलो. रूटच्या पासवर्डचं सीलबंद पाकीट मार्चमध्येच तुमच्या हाती दिलं होतं, सही घेऊन. ते कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली घरी. ती आली 2:40 ला. तोवर मी काउंटरजवळच्या स्टुलावर बसून होतो, मुनीमजींनी चहाही पाजला. 3 वाजता मुलाचं पहिलं बिल निघालं. त्यातलं माझं काम वीस मिनिटांचं.

रूटला बाहेरून लॉगिन बंद ठेवलंय ते तुम्हाला अडवायला नाही. रूट हे नाव प्रत्येक युनिक्स मशीनवर असतंच, त्यामुळे बाहेरच्याला फक्त पासवर्डच ओळखायचा उरतो. तुमच्याच लॉगमध्ये असे फसलेले प्रयत्न रोज दिसतात. शिवाय सगळेच रूट म्हणून आत गेले तर कोणी काय केलं हे कधीच कळणार नाही. ते कुलूप मी काढणार नाही.

800 रुपये सणाच्या दिवशीच्या भेटीचे, आधी ठरलेले होते. तरी पुढच्या बिलातून वजा करतो. नवीन माणूस लागला की त्याचं नाव लवकर टाकलं जावं, अशी काहीतरी सोय लावून राहिलो आहे. तुमच्या माणसांना विसुडो समजावायला एखाद्या दुपारी येऊन जातो. कपाटाची दुसरी किल्ली तेवढी दुकानात ठेवा.