डायरेक्ट सेकंड इयर: टक्के बघून झाले असतील तर दाखल्यांच्या तारखा बघा

पॉलिटेक्निकचा शेवटचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा: एवढ्या टक्क्यांत इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला कुठलं कॉलेज मिळेल? पात्रतेला खरं तर ४५ टक्के पुरतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. स्पष्टच सांगायचं तर या प्रवेशात मुलं टक्क्यांपेक्षा दोन वेगळ्याच ठिकाणी मार खातात. एक कागदपत्रं, दुसरं गणित.

आधी जागांचा हिशेब. शाखेची मंजूर क्षमता ६० असेल तर डीएसईला (डायरेक्ट सेकंड इयरला) त्यावर १० टक्के, म्हणजे ६ जागा जादा. शिवाय पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागा. नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटरला रिकामं काही उरतच नाही, म्हणून त्या सहा जागांवर सगळे तुटून पडतात. तेच टक्के मेकॅनिकल किंवा सिव्हिलला बऱ्या कॉलेजात नेऊन सोडतात. मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना किती जागा भरल्या होत्या तेही बघा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

आता कागद. ओबीसी, एनटी, एसबीसी, एसईबीसी यांनी नॉन-क्रिमीलेअर दाखला हातात घ्यावा आणि त्यावर तो कधीपर्यंत वैध आहे ती ओळ वाचावी. प्रवेश २०२५-२६ चा असेल तर तिथे ३१ मार्च २०२६ किंवा त्यापुढची तारीख हवी. डिप्लोमाच्या प्रवेशावेळी काढलेला दाखला बहुतेकदा संपलेला असतो, आणि फाइलमध्ये दाखला आहे म्हणून कुणी तो उघडूनही बघत नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांची (आर्थिक दुर्बल घटक) चूक वेगळी: केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणतात, इथे राज्याच्या नमुन्यातला लागतो. जात पडताळणीचं तर बोलायलाच नको, ते काम सहाव्या सेमिस्टरमध्ये नाही, पाचव्यात सुरू करायचं. दाखला वेळेत नसला की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो आणि ज्या कटऑफवर सगळं गणित मांडलं होतं तो आपला राहतच नाही.

टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांचा, चॉइस कोड (पसंती भरतानाचा क्रमांक) वेगळा असतो. कॉलेजचा नेहमीचा कोड भरून ट्यूशन फी माफीची वाट बघू नका. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, माफी फक्त ट्यूशन फीची मिळते आणि त्या जागेवरून पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

बीएस्सीवाल्यांनाही हे दार उघडं आहे, पण बारावीला गणित हवं, आणि नंबर डिप्लोमावाल्यांच्या जागा भरल्यावर. शिवाय पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स हे विषय दुसऱ्या वर्षासोबतच काढायचे. काम दुप्पट होतं, हे आधीच समजून घ्या.

आणि मग एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. मुंबई विद्यापीठात तिसऱ्या सेमिस्टरला लाप्लास, फुरिए सिरीज, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल येतात. शिकवणारे धरून चालतात की पार्शल डिफरन्सिएशन पहिल्या वर्षी झालंय. तुमचं झालेलं नसतं, डिप्लोमात ते नव्हतंच. कॉशी-रीमान समीकरणं फळ्यावर आली की पहिल्या ओळीलाच गाडी अडते. फुरिएमध्ये x² cos nx चं इंटिग्रेशन बाय पार्ट्स दोनदा करावं लागतं, तिथे एक वजाचं चिन्ह सुटलं की पुढचं सगळं उत्तर चुकतं. इन्व्हर्स लाप्लासला लागणारे पार्शल फ्रॅक्शन्स पहिल्या सेमिस्टरला शिकलात खरे, पण मध्ये अडीच वर्षं गेली. राहिलेला भाग भरून काढणारा ब्रिज कोर्स असावा असं एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) सांगते, पण कॉलेज तो किती मनावर घेतं यावर विसंबू नका. त्यात कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेऱ्या लांबतात, तुम्ही पोचेपर्यंत निम्मं लाप्लास उरकलेलं असतं.

म्हणून निकाल आणि पहिली फेरी यांच्यातले आठवडे कटऑफच्या याद्या चाळण्यात घालवू नका. पहिल्या वर्षाचं एम-वनचं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणा आणि रोज दहा गणितं करा: चार बाय पार्ट्सची, तीन पार्शल फ्रॅक्शन्सची, तीन पार्शल डिफरन्सिएशनची.