शेळीचं मटण वाईट? आधी तिचं वय विचारा

बोकडाचंच मटण घ्या, शेळीचं चिवट आणि उग्र असतं, दुभती असली तर दुधाचा वास येतो, म्हणून धडाला वृषण आहेत का ते बघूनच पैसे द्या, अशा आशयाचा सल्ला फोनवरून सारखा फिरत असतो. यातला बहुतेक दोष चुकीच्या जनावरावर ढकललेला आहे. आणि त्याचा भुर्दंड बसतो तो आठवडी बाजारात शेळी विकायला आलेल्या बाईला.

उग्र वासाचं आधी बोलू. तो नराचा वास आहे. वयात आलेल्या बोकडाच्या शिंगांच्या मुळाशी ग्रंथी असतात, माजाच्या काळात त्या जोरात असतात. त्या वासामागची विशिष्ट मेदाम्लं त्याच्या चरबीतही असतात, म्हणून रस्सा उकळला की घरभर दरवळ सुटतो. शेळीत हा प्रकार जवळपास नसतोच. बोकड लहानपणीच खच्ची करतात त्याचं एक कारण हेच. म्हणजे वृषण बघून घेणारा माणूस ज्याला वास कमी तो खच्ची बोकड नाकारतो आणि वासाचा घेऊन घरी येतो. वृषणांवरून लिंग कळतं, वय नाही.

आता चिवटपणा. हा आरोप अनुभवातून आलेला आहे, पण निष्कर्ष चुकला आहे. धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी शेळी घ्या. पाच महिन्यांत वेत, बऱ्याचदा जुळी करडं. अशी तरणी शेळी कोण खाटकाला देईल? कळप तिच्यावर वाढतो. बाजारात येते ती दात झिजलेली, गाभण न राहणारी भाकड, नाहीतर कासदाहाने (कासेच्या सुजेने) सड निकामी झालेली शेळी. बोकड मात्र वर्षाच्या आतबाहेर विकला जातो. मग आपण तुलना करतो ती कोवळ्या बोकडाची आणि म्हाताऱ्या शेळीची. वयाबरोबर स्नायूंमधल्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट जोडले जातात, ते शिजायला वेळ लागतो. म्हातारा बोकडही तितकाच चिवट लागतो. अशा मटणाला मंद आच आणि वेळ द्या. रस्सा दाट होतो तो त्याच कोलॅजनमुळे.

दुधाच्या वासाची गोष्ट निराधार आहे. दूध कासेत तयार होतं, मांडीत किंवा खांद्यात साठत नाही. मात्र दुभत्या शेळीचं मटण वेगळं लागू शकतं, आणि त्याचं कारण तिची अंगलट. व्यायल्यानंतर खाद्य कमी पडलं तर ती अंगावरची चरबी मोडून दूध देते. शेळीची चरबी मुळात मांसात कमी आणि पोटात, गुरद्याभोवती जास्त. ती संपली की मटण कोरडं, बेचव लागतं. तीच शेळी आटल्यावर दोन-तीन महिने मक्यावर, हिरव्या पाल्यावर राहिली की अंग धरते. दुकानात गुरद्याभोवतीची चरबी बघा. पांढरी, घट्ट आणि पुरेशी असेल तर जनावर पोसलेलं आहे, मग नर असो वा मादी.

हरणाचं मांस खाणाऱ्या देशांत तर अनेक शिकारी मादीच पसंत करतात, कारण माजावरचा नर वणवण करून वाळलेला आणि वासाचा असतो. (आपल्याकडे हरणाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.)

या सल्ल्यात एक गोष्ट येतच नाही, आणि चवीवर तिचा मोठा परिणाम होतो. टेम्पोत कोंबून आणलेलं, उपाशी, घाबरलेलं जनावर लगेच कापलं तर स्नायूंमधली साखर आधीच संपलेली असते. एरवी तिच्यापासून तयार होणारं लॅक्टिक आम्ल मांसाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) 5.6 च्या आसपास आणतं. ते झालं नाही तर मांस गडद, चिकट राहतं आणि लवकर खराब होतं. शेळ्या स्वभावाने बुजऱ्या, त्यामुळे त्यांच्यात हे सहज घडतं. पाणी आणि विसावा मिळाला तर टळतं.

मादी टाळा म्हणणाऱ्यांचं एका बाबतीत बरोबर आहे: गाभण शेळी कापली जाऊ नये. 2001 च्या कत्तलखाना नियमांत गाभण जनावर आणि तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेली मादी, दोन्ही कापायला मनाई आहे. सुरुवातीच्या महिन्यांत गाभ पोटावरून कळत नाही, म्हणून कापण्याआधी पशुवैद्याने जनावर तपासलं होतं का, हे दुकानदाराला विचारावं.