इंजिन कंपन्या हॉर्सपॉवर हात राखून सांगतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. (साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका.) तुमचा आक्षेप असा की, देवासजवळच्या शेतात ५ एचपीची मोटर जो पंप सहज ओढते, त्याच पंपावर ५ एचपीचं डिझेल इंजिन धापा टाकतं, मग इंजिन कंपन्या हॉर्सपॉवरचा (एचपी) आकडा असतो त्यापेक्षा कमी सांगतात, हे माझं म्हणणं कसं पटावं? शिवाय ‘धंद्यात फुकट जास्त कोण देतो?’

कोणीच नाही. कंपनी स्वतःची कातडी वाचवते. इंजिनाच्या पाटीवरचा आकडा हा इंजिनाने एकदा मारलेला सर्वोच्च जोर नव्हे, दिवसभर देत राहायचा जोर आहे. अशा स्थिर गतीच्या डिझेल इंजिनांच्या भारतीय मानकात १२ तासांतून एक तास १० टक्के जादा भार पेलण्याची अट आहे. म्हणजे ५ लिहायचे तर आत साडेपाच हवेतच. त्यात सगळी इंजिनं सारखी उतरत नाहीत. लॉटमधल्या मरतुकड्यानेही आकडा गाठायला हवा. वॉरंटीत पिस्टन बदलायचा खर्च कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. जुनं लिस्टर डिझेल इंजिन आठवा: सिलिंडर त्याच मापाचा, मिनिटाला ६५० फेऱ्यांना ६ एचपी, ८५० फेऱ्यांना ८; म्हणजे सहावालं सावकाश चालवून जोर राखलेला.

मग तुमचं इंजिन का दमतं? मोटरवर भार वाढला की ती जास्त करंट खेचते. तापते, पण काही वेळ पाटीपेक्षा बराच जास्त जोर लावते. इंजिनाला डिझेल किती मिळणार हे मात्र स्टॉपने (डिझेलची कमाल मर्यादा ठरवणाऱ्या अडसराने) बांधलेलं असतं. तिथे पोचलं की फेरे उतरायला लागतात.

आणि हवा! इंजिनाचा आकडा २५ अंश तापमान आणि जवळपास समुद्रसपाटीचा दाब धरून ठरतो. आपला देवासकडचा माळवा साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे हवा विरळ. हवा दाबून भरणारा टर्बो नसेल तर पाचेक टक्के जोर इथेच गेला, मे महिन्यात ४२ अंशांना जवळपास तेवढाच आणखी. राखून ठेवलेला हात संपला. पट्टा घसरत असेल तर बघायलाच नको.

सील तोडून मिस्त्रीकडून स्टॉपचा स्क्रू फिरवून घ्यायचं म्हणताय, ते मात्र करू नका. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर आणि तापलेलं हेड.

आकडा राखून सांगण्याचं कारण दरवेळी हेच असतं असं माझंही म्हणणं नाही. जपानी कार कंपन्यांनी १९८९ ते २००४ आपसांत ठरवून २८० पीएसच्या (मेट्रिक हॉर्सपॉवर) वर आकडा जाहीर केला नाही, गाडीत जास्त असला तरी. आपल्याकडे २०२३पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागले, त्यामुळे पन्नाशीच्या आतला आकडा सोयीचा झाला. अशा ठिकाणी कारण यंत्राचं नसून आपसांतल्या कराराचं किंवा कायद्याचं.

तुमच्या पंपाच्या पाटीवर किती किलोवॅट लिहिलेत ते कळवा. बहुधा साडेसात एचपीचं इंजिन लागेल.