मामीने पंप बंद केला, त्या फॉरवर्डला उत्तर

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीला पोचले, तर मामी आदोळीवर बसून नारळ खोवत होती. एक वाटी झाली की ताठ व्हायची, जमिनीवर हात टेकून दोन-चार श्वास घ्यायची, मग पुन्हा वाकायची. दम्याचा पंप फ्रिजवर धूळ खात पडलेला. "बंद केलाय. बारा दिवस झाले," म्हणाली आणि मोबाईल पुढे केला.

फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं: अंगाने मोठा त्याची फुफ्फुसं मोठी. जाड माणसाला दमा होत नाही, त्याला लागतो तो चरबीचा दम, म्हणून पंप सोडा. तीस सेकंद श्वास रोखता आला की फुफ्फुसं ठणठणीत. जपायचं ते बारीक माणसांनी.

पहिल्या वाक्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पण ते उंचीपुरतं. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने 1846 साली 2 हजारांहून जास्त माणसांचा श्वास मोजून दाखवलं होतं की उंची वाढते तशी एका दमात बाहेर सोडता येणारी हवा वाढते. आजही स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुफ्फुसं तपासण्याच्या चाचणीत, तुमचा आकडा किती असायला हवा हे ठरवताना उंची, वय आणि स्त्री की पुरुष हे बघतात. वजन त्या हिशेबात धरतच नाहीत. माणूस वीस किलोंनी वाढला म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत.

उलट, त्यांना जागा कमी पडते. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, छातीवरची चरबी बरगड्यांवर भार टाकते. 2006 साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात जोन्स आणि न्झेक्वू यांचा अभ्यास आला होता. सहज श्वास सोडल्यावरही जोर लावून आणखी थोडी हवा बाहेर काढता येते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 20 असलेल्या माणसाकडे ही शिल्लक जेवढी असते, तिच्या फक्त 47 टक्के बीएमआय 30 असणाऱ्याकडे उरते, असं त्यात दिसलं. मामी आदोळीवर वाकते तेव्हा पोट आणखी वर दाबलं जातं आणि ही शिल्लकच तिला अपुरी पडते. म्हणजे वजनाने दम लागतो हेही खरं, वजन उतरलं तर तिला बरं वाटेल हेही खरं.

पण म्हणून दमा नाही? हे वाक्य लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. वजन जास्त असणाऱ्यांत दमा कमी नाही, जास्त आढळतो. आणि दोन्ही ओळखायचे वेगळे मार्ग आहेत. स्पायरोमेट्रीत जोराने फुंकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली ते बघतात. नुसत्या वजनाने हे प्रमाण सहसा बिघडत नाही. दम्यात श्वासनळ्या आवळतात, म्हणून ते घसरतं. मामीचं घसरलेलं होतं, औषध ओढल्यावर सुधारलं होतं. तो कागद तिच्याच कपाटात आहे. रोजचा पंप नळ्यांची सूज आटोक्यात ठेवतो. तो सोडला की सूज हळूहळू परत येते, आणि झटका येऊ शकतो, तोही बऱ्याचदा रात्री-अपरात्री.

श्वास रोखण्याची परीक्षा तर मामीने माझ्यासमोर दिली, घड्याळ लावून. पास झाली! आणि पाच मिनिटांनी खोकत बसली. श्वास किती वेळ रोखता येतो ते सवयीवर आणि जिद्दीवर बरंच अवलंबून असतं, आणि दम्याच्या दोन झटक्यांच्या मध्ये माणूस अगदी बरा असू शकतो. बारीक माणसांचं म्हणाल, तर जपायचं सगळ्यांनीच.

मामीने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला आणि पंप पुन्हा सुरू झाला. पण तो फॉरवर्ड ज्या ग्रुपवर आला तिथे डिचोली-साखळीकडची सत्तरेक माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी पंप असाच फ्रिजवर ठेवून दिला असेल, तर चवथ संपायची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन लावा.